वादळाची पूर्वतयारी : बावटा आणि रेघ



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या बजाजनगरातील एका गृहस्थांनी मला वाटेत गाठून विचारले, "काय हो, समुद्र इथून शेकडो मैल दूर. आपल्या खाम नदीला होडी बुडेल एवढेही पाणी नसते. आणि तुम्ही म्हणे वादळावर बोलणार?" गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते. मी इतिहासाचा पंडित नव्हे, हवामानशास्त्राचा तर नव्हेच. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिकणे झाले ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून झाले. तेव्हा या विषयाकडे मी कसा वळलो हे प्रथम सांगणे भाग आहे.

वाळूजच्या पट्ट्यात कामाला लागल्यानंतरची ही गोष्ट आहे. मे महिन्याची संध्याकाळ होती, दुसरी पाळी सुरू होती. पश्चिमेकडे आभाळ काळेनिळे झाले, धुळीची भिंत उठली आणि वळवाचा वारा सुटला. आमच्या लहानशा वर्कशॉपचे छत पत्र्याचे. मालक केबिनमधून धावत आले आणि ओरडले, "आधी मशीन झाका!" आम्ही सगळे ताडपत्री घेऊन नव्या मशीनकडे धावलो. मीही धावलो, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यात कडेचा एक पत्रा सुटला आणि दाराशी शटर ओढीत असलेल्या पोऱ्याच्या दंडावर आला. हात वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. पुढे कागदपत्रे पाहण्याची वेळ आली तेव्हा मशीनचा विमा व्यवस्थित भरलेला निघाला. त्या पोऱ्याचे नाव मात्र हजेरीपटावरच नव्हते. तो कंत्राटदाराचा माणूस, आणि कंत्राटदार दुसऱ्या दिवसापासून दिसेनासा झाला.

मालक दुष्ट नव्हते. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी वादळाची तयारी केलेली होती. ताडपत्री होती, विमा होता. मग चुकले काय, या प्रश्नाने मला वाचायला लावले, आणि वाचता वाचता मी येऊन पोहोचलो तो १८७५ या सालापाशी.

या सालाची मौज अशी की, ज्या प्रथेमुळे आज आपण येथे जमलो आहोत ती वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात सुरू केली ती १८७५ मध्ये. हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते स्थापन झाले तेही १८७५ मध्ये. आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लंडनच्या पार्लमेंटात सॅम्युएल प्लिमसॉल नावाचा एक कोळशाचा व्यापारी संतापाने मूठ उगारून उभा राहिला. या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही; योगायोग म्हणून सोडून द्यावा. परंतु दुसरी आणि तिसरी गोष्ट एकत्र ठेवल्याखेरीज माझा आजचा विषय पुरा होत नाही.

आधी हवामान खात्याचे पाहू. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले. समुद्राचे पाणी हुगळीतून आत चढले आणि हजारो माणसे मेली. बंदरात त्या वेळी जवळजवळ दोनशे जहाजे होती, त्यांतली अगदी थोडी शाबूत राहिली. व्यापाऱ्यांचे डोळे उघडले, आणि पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. मग ओरिसाचा दुष्काळ पडला, पावसाचा हिशेब ठेवणारे कोणी असावे असे सरकारला वाटू लागले, आणि दहा वर्षांनी खाते निघाले. हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख. १८८६ पर्यंत हिंदुस्थानच्या सर्व बंदरांना वादळाची सूचना पोहोचविण्याची सोय झाली. दिवसा काठीवर शंकू आणि नळकांडी चढवायची, रात्री दिवे टांगायचे. आमच्या कोकणी बांधवांच्या बोलण्यात आजही "तीन नंबरचा बावटा लागला" हे शब्द येतात, त्यांचे मूळ या व्यवस्थेत आहे. तीन नंबर म्हणजे बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा. आठ, नऊ, दहा म्हणजे महासंकट. आणि अकरा नंबर म्हणजे तारेचा संबंधच तुटला, आता ज्याने त्याने आपल्या अकलेने पाहावे.

या खात्याचे मुख्य ठाणे पुढे सिमल्याला गेले आणि तेथून १९२८ साली पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेवढेच सांगितले तरी पुरते. आपल्या महाराष्ट्राचा या शास्त्राशी असा जुना घरोबा आहे, म्हणून हे सांगितले.

बावटा ही तयारीची एक बाजू झाली. वादळ येत आहे हे तुम्हाला कळले. पण कळल्यावर जहाज सोडायचे की नाही, हे ठरवायचे कोणी? येथे प्लिमसॉल येतो.

त्या काळी इंग्लंडात जुनी, कुजलेली जहाजे माल कोंबून समुद्रात सोडण्याचा धंदा जोरात होता. जहाज पोहोचले तर मालाचा नफा, बुडाले तर विम्याचे पैसे. काही जहाजांचा विमा त्यांच्या किमतीहून जास्त उतरविलेला असे. लोक त्यांना शवपेटी-जहाजे म्हणत. आणि खलाशाने एकदा करारावर सही केल्यावर, जहाजाची अवस्था पाहून चढण्यास नकार दिला तर त्याला तुरुंगात जावे लागे. म्हणजे जहाज तरंगणार नाही हे ज्याला दिसत होते त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा नव्हती, आणि ज्याला मुभा होती तो लंडनमध्ये शेकोटीपाशी बसलेला होता.

प्लिमसॉल हा डर्बीचा खासदार. १८७३ साली त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिले, त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि चौकशी-आयोग नेमला गेला. त्याची मागणी अगदी साधी होती. जहाजाच्या कुशीवर एक रेघ ओढा. माल भरता भरता पाणी त्या रेघेला लागले की भरणे बंद. आणखी एक पोते चढवायचे नाही, मग मालक कोणी का असेना! ही कल्पना त्याची एकट्याची नव्हे. न्यूकॅसलचा जेम्स हॉल नावाचा एक जहाजमालकच ती आधीपासून मांडत होता. सगळे मालक सारखे नसतात, हे आम्हा युनियनवाल्यांनाही माहीत असते. आम्ही सभेत ते फारसे बोलत नाही, इतकेच.

२२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांचे विधेयक त्या अधिवेशनापुरते सोडून दिल्याचे जाहीर केले. प्लिमसॉलचा तोल सुटला. जहाजमालक सभासदांना त्याने भर सभागृहात 'हरामखोर' या अर्थाचा शब्द वापरला. सभापतींनी त्याला बाहेर काढले आणि नंतर त्याने माफीही मागितली. पण देशभर सभा भरू लागल्या आणि सरकारला घाईघाईने तात्पुरता कायदा करावा लागला. १८७६ च्या कायद्याने प्रत्येक जहाजावर रेघ सक्तीची झाली.

आता यातली गंमत ऐका. कायद्याने रेघ सक्तीची केली, पण ती कोठे ओढायची हे मालकावर सोपवले. कागदोपत्री प्रत्येक जहाजावर रेघ होती. तिच्या उंचीचा मुखत्यार मालक होता. सरकारने उंची स्वतःच्या हाती घेतली ती १८९० च्या कायद्याने. मधली चौदा वर्षे खलाशी रेघ असलेल्या जहाजांतून बुडत राहिले. युनियनचे काम करताना 'कायदा झाला' या बातमीने मी फारसा हुरळून जात नाही, त्याला ही चौदा वर्षे कारण आहेत.

आज कोणत्याही मालवाहू जहाजाच्या कुशीवर वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसते. तिच्या शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा असतात. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी, आणि सर्वांत खाली हिवाळ्यातील उत्तर अटलांटिकची. जेथे तुफान जास्त तेथे भार कमी. वादळाची तयारी वादळ दिसण्यापूर्वी, गोदीत शांत पाण्यात उभे असताना, रंगाने करून ठेवलेली!

आपल्या किनाऱ्याची हकीगत याहून दुःखाची आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये 'वैतरणा' ही मुंबईच्या कंपनीची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईस येताना सौराष्ट्राजवळ तुफानात सापडली आणि शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. ना प्रेत मिळाले, ना फळी. पण मराठी घरांत जिची आठवण अजून निघते ती 'रामदास'. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढी अमावास्या तोंडावर होती आणि मुंबईत कामधंद्याला असलेली अलिबागकडची माणसे सणाला घरी निघाली होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ पोहोचली तेव्हा पावसाने आणि वाऱ्याने समुद्र खवळला होता. एक मोठी लाट आली, भ्यालेले उतारू एका अंगाला धावले, बोट कलंडली आणि काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसे गेली.

यातली मला न विसरता येणारी गोष्ट पुढेच आहे. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. बोट सकाळी बुडाली आणि मुंबई बंदराला दुपार उलटेपर्यंत पत्ता नव्हता. एक कोवळा मुलगा पाण्यावर तरंगत तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा कळले. ज्या शहरात वादळाचे बावटे साठ वर्षे चढत होते, तेथून जवळच बुडालेल्या माणसांना हाक मारण्याचे साधन नव्हते.

यावर आजचा माणूस म्हणेल, ते दिवस गेले. आता उपग्रह आहेत, रडार आहेत. खरे आहे. म्हणून २०२१ सालची हकीगत सांगतो.

त्या वर्षी १३ मे रोजी अरबी समुद्रात लक्षद्वीपजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि त्याचे पुढे 'तौक्ते' चक्रीवादळ झाले. हवामान खात्याने दिवस आधीपासून सूचना दिल्या होत्या आणि त्या चुकल्या नाहीत. मुंबईच्या पश्चिमेस तेलविहिरींच्या परिसरात, ज्याला आपण 'बॉम्बे हाय' म्हणतो, पावसाळ्यापूर्वीची कामे उरकत आणली जात होती. बहुतेक बोटी सूचना मिळाल्यावर सुरक्षित जागी वळल्या. 'पी-३०५' नावाचे बार्ज मात्र तेथेच राहिले. बार्ज म्हणजे मोठा तराफाच; त्याला स्वतःचे इंजिन नव्हते, दुसऱ्या बोटीने ओढून न्यावे तेव्हा हलायचे. कामगारांच्या राहण्याखाण्याची सोय त्यावर होती. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी मिळून २६१ माणसे, पुष्कळशी दूरच्या राज्यांतून आलेली.

कंत्राटदार कंपनीने नंतर सांगितले की बार्जच्या मास्तराने विहिरीच्या फलाटापासून दोनशे मीटर दूर सरून थांबणे पुरेसे मानले, कारण वारा तेवढा वाढेल असे त्याला वाटले नाही. वाचलेल्यांपैकी काहींनी वृत्तपत्रांना सांगितले की हवेचे तराफे पाण्यात टाकले तेव्हा फाटके निघाले. खरेखोटे करणे माझ्या हाती नाही, आणि तो मास्तर आपली बाजू सांगायला जगला नाही. १७ मे रोजी नांगर तुटले, बार्ज भरकटले आणि त्याच संध्याकाळी बुडाले. नौदलाच्या 'कोची' आणि 'कोलकाता' या युद्धनौकांनी अंधारात, अजस्र लाटांत माणसे वेचली, त्या खलाशांपुढे हात जोडावेत. १८६ वाचले. 'वरप्रदा' नावाच्या ओढबोटीवरचे अकरा धरून एकंदर ८६ जण गेले.

'रामदास'च्या वेळी हाक मारण्याचे साधन नव्हते. 'पी-३०५'वर सर्व काही होते. बावटा चढलेला होता, तो सर्वांनी पाहिलेला होता. नव्हती ती रेघ. सूचना अमुक रंगाची झाली की माणसे उतरवायची, मग काम अर्धे राहो की पाऊण, असे आधी ठरवून कोणाच्याही मर्जीबाहेर ठेवलेले नव्हते. हंगामाचे शेवटचे दिवस, खोळंबलेले काम, आणि दोनशे मीटरचा हिशेब. असा हिशेब करणारा माणूस वेडा नसतो. त्याच्यावर भार असतो, आणि भार असलेल्या माणसाला वारा नेहमी थोडा कमीच दिसतो. ताडपत्री घेऊन मशीनकडे धावणारा मीही त्यातलाच होतो.

आता जमिनीवर या. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ झाले आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून सतरा माणसे मेली. महापालिकेच्या नियमाप्रमाणे फलक चाळीस फूट बाय चाळीस फुटांपर्यंत हवा. हा एकशेवीस बाय एकशेवीस होता. म्हणजे रेघ होती, पण १८७६ सालासारखी.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी आहे. समुद्रातले चक्रीवादळ चार दिवस आधी कळते. आपला वळीव दोनतीन तास आधी कळला तरी नशीब. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेले 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते, हवामान खाते पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे धाडते. पण हातात वेळ थोडा. त्या वेळात सुपरवायझरने मालकाला फोन करायचा, मालकाने मोठ्या कंपनीला विचारायचे, आणि तिकडून 'माल आज निघालाच पाहिजे' असे उत्तर यायचे, तोवर पत्रे उडालेले असतात. म्हणून ज्याला तयारी म्हणायचे ती आभाळ निरभ्र असतानाच झाली पाहिजे.

पत्र्याचेच घ्या. वारा पत्रा ढकलून पाडतो असे आपल्याला वाटते. वास्तविक छपरावरून धावणारा वारा पत्र्याला वर ओढतो, आणि वाऱ्याच्या बाजूचे शटर उघडे राहिले तर आत शिरलेला वारा खालून रेटतो. दोन्ही मिळून बोल्ट उपटतात. ओढ सर्वांत जास्त कडेला आणि कोपऱ्यांत असते, आणि आपल्याकडे बोल्टची काटकसर नेमकी तेथे झालेली असते. एप्रिलात एक माणूस दोन दिवस वर चढवून गंजलेले बोल्ट बदलले, कडेला दाट केले, की अर्धे काम झाले. मात्र त्या माणसाच्या कमरेला दोर असू द्या. वाऱ्याच्या बाजूचे शटर आधी बंद करायचे, हे दारावरच्या माणसाला माहीत हवे. विजेचे पॅनल जमिनीपासून उंच, गटार मोकळे, क्रेनचा ब्रेक लावलेला, फाटकाजवळच्या झाडाखाली कोणी उभे राहायचे नाही, हे सगळे शहाण्या मालकाला सांगावे लागत नाही. हजेरीपटाचे सांगावे लागते. आत किती माणसे आहेत, कंत्राटी आणि शिकाऊ धरून, हे ज्याला ठाऊक नाही त्याला वादळानंतर कोणाला शोधायचे तेही ठाऊक नसते.

आणि पगाराचे सांगावे लागते. १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती होऊन, मालकाला काम देता आले नाही तर कामगाराला निम्मे मूळ वेतन आणि निम्मा महागाई भत्ता मिळू लागला. पुढे त्या कारणांत नैसर्गिक आपत्तीही आली. पण पन्नासाच्या आतले कारखाने त्याबाहेर, वर्ष न भरलेला कामगार त्याबाहेर. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कायदे जाऊन नव्या संहिता आल्या, तरी हिशेब निम्म्याचाच राहिला. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातील कामगाराला, जिवाला धोका वाटल्यास तो व्यवस्थापकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला होता. नजरेस आणण्याचा हं, काम थांबवण्याचा नव्हे! तेव्हा लाल इशारा पाहूनही दिवसाच्या मजुरीवाला मोटारसायकलला किक मारून निघतो, त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. तोही आपला दोनशे मीटरचा हिशेब करीत असतो.

काही वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात आम्ही मालकांशी बसून एक कागद केला. ओळी तीनच. जिल्ह्यासाठी लाल इशारा आला की दुसऱ्या पाळीची गाडी सोडायची नाही. आत असलेल्यांनी पत्र्याच्या शेडमधून निघून पक्क्या छताच्या ऑफिसात बसायचे, मालकाच्या फोनची वाट पाहायची नाही. कंत्राटी कामगारासह सर्वांना त्या पाळीची पूर्ण मजुरी. मालकांनी विचारले, "आणि इशारा येऊन वादळ आलेच नाही तर?" प्रश्न रास्त होता; प्लिमसॉलच्या काळच्या मालकांनीही थोडासा असाच विचारला असेल. बरीच ओढाताण होऊन चौथी ओळ लिहिली गेली : वादळ न आल्यास अर्धी पाळी कामगारांनी पुढच्या सुट्टीच्या दिवशी भरून द्यावी. आमच्यातले काहीजण त्या ओळीवरून माझ्यावर अजून रागावलेले आहेत.

पहिल्याच पावसाळ्याआधी लाल इशारा आला. गाडी सोडली नाही. संध्याकाळभर आम्ही आभाळाकडे पाहत बसलो; चार थेंब पडले आणि चांदणे निघाले. मालकांनी कुरकुरत पूर्ण मजुरी दिली आणि रविवारी माणसांनी कुरकुरत अर्धी पाळी भरली. यंदा तो कागद नव्याने करायचा आहे. मालकांनी मसुदा ठेवून घेतला असून 'कंत्राटी कामगारासह' या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे.